वजनाच्या ऑपरेशननंतर चहा-कॉफी : कधी, किती आणि कशी सुरू करायची

सुट्टी होताना दवाखाना आहाराचा जो कागद हातात देतो, त्यावर एका ओळीत लिहिलेलं असतं : कॅफिन टाळा. नागपुरात पलंगावर बसून वाचताना ती ओळ सोपी वाटते. गावी पोचून दारात पाय ठेवला की आतून आवाज येतो, "आली का वो बाई, थांब, चहा ठेवते." आणि भेटायला येणारा प्रत्येक माणूस तोच चहा घेत तुमच्यासमोर बसतो.

माझं वजन कमी करायचं, पोटाचं बायपास होऊन आता पाच वर्षं झाली. अंजनगाव सुर्जीच्या बाजूला आमचं गाव. संत्र्याची चार झाडं, थोडी कपाशी आणि घरी शिलाई मशीन. ऑपरेशनच्या आधी वजन 118 किलो होतं आणि दिवसाला सहा-सात कप चहा व्हायचा. आता आजूबाजूच्या गावांतल्या ज्या बाया किंवा भाऊ हे ऑपरेशन करायला निघतात, ते मला फोन करतात. त्यांचा पहिला प्रश्न भाकरीचा नसतो, चहाचा असतो. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. तुमच्या सर्जनने आणि डायटिशियनने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, कारण तुमच्या पोटात नेमकं काय केलंय हे त्यांना माहीत आहे.

आधी आपला हिशोब मांडा

कॅफिन म्हटलं की कॉफी आठवते, पण आपल्याकडे कॅफिन येतं ते चहातून. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये काढलेल्या आहार मार्गदर्शक सूचनांत 150 मिलीच्या कपाचा हिशोब दिलेला आहे : चहात 30 ते 65 मिलिग्रॅम, झटपट कॉफीत 50 ते 65, आणि पूड उकळून किंवा गाळून केलेल्या कॉफीत 80 ते 120 मिलिग्रॅम कॅफिन. निरोगी माणसानेही दिवसाला 300 च्या वर जाऊ नये असं त्यात म्हटलं आहे.

आता तुमचा कप मोजा. कॅन्टीनवरचा कागदी कप भरून जेमतेम 70-80 मिली असतो, घरचा स्टीलचा पेला दीडशे-दोनशेचा. आपण "दोन वेळा घेते" म्हणतो, आणि वावरात नेलेला थर्मास, पाहुण्यांसोबतचा अर्धा कप, दुपारी झोपेतून उठल्यावरचा घोट यातलं काहीच धरत नाही. तीन दिवस एका वहीत प्रत्येक कप लिहा, सोबत साखरेचे चमचेही लिहा. माझे सहा कप आणि बारा चमचे साखर निघाली होती. बारा चमचे म्हणजे जवळपास 50-60 ग्रॅम. मी ती साखर ताटात कधी पाहिलीच नव्हती, म्हणून तिची जाणीवही नव्हती.

ऑपरेशनच्या तीन आठवडे आधी : हळूहळू कमी करा

ही पायरी बहुतेक लोक सोडतात आणि मग ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसतात. रोजचा चहा एकदम बंद झाला की बारा ते चोवीस तासांत डोकं जड होतं, चिडचिड होते, मळमळतं. पहिले दोन दिवस सर्वात वाईट जातात, काहींना आठवडाभर त्रास राहतो. पोटाला टाके आहेत, पाण्याचा घोटही मोजून घ्यायचा आहे, अशा वेळी हे दुखणं अंगावर घ्यायचं कशाला?

मी सांगते तो क्रम असा. दर तीन दिवसांनी एक कप कमी करायचा. आधी संध्याकाळचा, मग दुपारचा, सकाळचा सर्वात शेवटी. जो कप सोडवत नाही, त्यात चायपत्ती निम्मी करा. साखरही याच काळात कमी करा, दर दोन दिवसांनी कपामागे अर्धा चमचा. जिभेला बिनसाखरेची सवय लागायला दोन-अडीच आठवडे लागतात, आणि ती सवय ऑपरेशनआधी लागली तर पुढे फार बरं पडतं.

एक धोक्याची गोष्ट इथेच सांगते. डोकं दुखलं म्हणून किराणा दुकानातली पुडीतली गोळी घेऊ नका. डोकेदुखीच्या कितीतरी गोळ्यांत कॅफिनच घातलेलं असतं, आणि काहींत ॲस्पिरिन. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन या जातीच्या वेदनाशामक गोळ्या बायपास झालेल्या पोटात जखम करतात. कोणती गोळी चालेल हे सर्जनकडून आधीच लिहून घ्या. साधारणपणे पॅरासिटामॉल सांगतात.

पहिला महिना : चहा का बंद, आणि त्याच्या जागी काय

स्लीव्ह ऑपरेशनमध्ये पोटाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक नळी ठेवतात. बायपासमध्ये वरच्या बाजूला एक छोटीशी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. ती पिशवी सुरुवातीला 30 मिलीच्या आसपास असते. खोकल्याच्या औषधासोबत येणारं प्लॅस्टिकचं पारदर्शक झाकण आठवा. तशी दोन-तीन झाकणं भरली की पोट भरलं.

दवाखान्यात मला तेवढ्याच मापाचा एक कप दिला होता. नर्स म्हणाली, "हा एक कप पंधरा मिनिटं पुरवायचा." मी पहिल्यांदा दोन घोटांत संपवला आणि छातीच्या मधोमध असं दाटून आलं की डोळ्यांत पाणी आलं. मग शिकले. ओठ भिजतील एवढंच घ्यायचं, तोंडात धरायचं, गिळायचं, मनात वीसपर्यंत मोजायचं. तो कप मी घरी आणला आणि महिनाभर त्यानेच प्यायले.

अशा पोटात चहा-कॉफी गेली की तीन गोष्टी होतात. एक, पोटातलं आम्ल वाढतं आणि टाके तर अजून ओले असतात. स्लीव्हवाल्यांना मुळातच जळजळ आणि आंबट घशाशी येण्याचा त्रास जास्त असतो. बायपासवाल्यांना जिथे पिशवी आतड्याला जोडली त्या सांध्यावर अल्सर व्हायची भीती असते. दोन, लघवीला थोडं जास्त जावं लागतं. सवय असलेल्या माणसाच्या शरीरातलं पाणी कपभर चहाने काही ओसरत नाही, पण ज्याला दिवसभरात जेमतेम लिटरभर पाणी जमतंय त्याला तेवढंही परवडत नाही. तीन, माझ्या मते सर्वात मोठी गोष्ट, चहा जागा अडवतो. या पोटात जागा एवढीशी, आणि रोज 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन आणि दीड ते दोन लिटर पाणी त्यातूनच न्यायचं असतं. चहाने भूक मरते, पोट भरल्यासारखं वाटतं, आणि प्रोटीन पावडरचा पेला तसाच ओट्यावर राहतो.

बहुतेक दवाखाने पहिला महिनाभर कॅफिन बंद सांगतात, काही सर्जन दोन-तीन महिनेही सांगतात. तुमच्या कागदावर जे लिहिलंय ते तुमचं.

मग महिनाभर प्यायचं काय? पहिले दिवस फक्त पारदर्शक : पाणी, वरणाचं वरवरचं पाणी गाळून, भाज्यांचं गाळलेलं सूप, मीठ घातलेलं पण बिनसाखरेचं लिंबूपाणी. पुढे डॉक्टरांनी परवानगी दिली की पातळ मठ्ठा, प्रोटीनचं दूध. आणि गरम काहीतरी हातात हवंच असेल तर परसातला गवती चहा. नावात चहा असला तरी त्यात कॅफिन नाही, फक्त गंजात (पातेल्यात) चायपत्ती टाकायची नाही. दोन पाती, पाणी, आल्याचा अगदी छोटा तुकडा, हवी तर तुळशीची पानं. कोमट करून घ्या, उकळतं नाही. मला स्वतःला असं दिसलं की माझी अर्धी तलफ चहाची नव्हतीच, सकाळी गरम पेला दोन्ही हातांत धरून ओसरीवर बसण्याची होती. ते बसणं मी सोडलं नाही, पेल्यातलं बदललं.

ग्रीन टी चालतो असं खूप जणांना वाटतं. ती चहाचीच पानं आहेत, कॅफिन कमी पण आहेच. या महिन्यात तोही नको.

पाहुण्यांच्या घरी काय बोलायचं

आपल्याकडे चहाला नाही म्हणणं म्हणजे माणसाला नाही म्हणणं. "काऊन वो, आमच्या घरचा चहा चालत नाई का?" हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागणारच. "नको" म्हणू नका, "मी डायटवर आहे" तर मुळीच म्हणू नका. त्यावर समोरची बाई म्हणते, "घे वो, एवढ्याशानं काई होत नाई." मी म्हणते, "टाके ओले आहेत मावशी, डॉक्टरनं मनाई केली. पाणी द्या, तुमच्या माठातलं." टाके हा शब्द सगळ्यांना कळतो. आणि त्यांच्याकडचं काहीतरी आपण मागितलं की त्यांचाही मान राहतो. मग ते पाणी घोट घोट घेत बसायचं, लवकर उठायचं नाही.

मी हे शिकले ते चुकून. ऑपरेशनला तेवीस दिवस झाले होते. पुतणीच्या सोयरिकीला गेलो होतो. मुलाच्या आईने स्वतः आणून बशीत ओतून दिला, म्हशीच्या घट्ट दुधाचा, वेलची घातलेला, गोड. सगळे बघत होते. मी दोन घोटांत अर्धी बशी घेतली. पंधरा मिनिटांत कानामागून घाम सुटला, हृदय धडधडायला लागलं, पोटात मुरडा, हातपाय थंड. आतल्या खोलीत मला झोपवलं. माझ्या मुलीने दवाखान्यात फोन लावला, तिकडून सांगितलं की डाव्या कुशीवर शांत पडू द्या, तासाभरात उतरेल, उद्या फोन करून सांगा. तासाभराने उतरलंही. पण सोयरिकीच्या घरात जी धावपळ झाली ती माझ्यामुळे झाली, आणि ती आठवण अजून मनाला लागते.

याला डंपिंग म्हणतात. बायपासनंतर जास्त साखरेचा पातळ पदार्थ पोटात न थांबता सरळ आतड्यात उतरतो, आतडं अंगातलं पाणी ओढून घेतं, आणि दहा-तीस मिनिटांत असा त्रास होतो. काहींना एक ते तीन तासांनी दुसऱ्या प्रकारचा होतो : साखर एकदम वाढते, मग एकदम पडते, आणि चक्कर, थरथर, घाम येतो. गूळ घातला म्हणून सुटका नाही, गूळ ही साखरच आहे. स्लीव्हवाल्यांना हे कमी होतं, पण होतं. म्हणून माझ्या त्या अर्ध्या बशीत कॅफिनपेक्षा मोठा दोष साखरेचा होता, आणि घाईचा.

परवानगी मिळाल्यावर : पहिला कप

तपासणीला जाल तेव्हा सरळ विचारा, "चहा सुरू करू का, किती?" जळजळ होत असेल तर तेही सांगा, लपवू नका.

पहिला चहा घरीच करा, स्वतःच्या हाताने. एक कप पाण्याचं आधण येऊ द्या, चायपत्ती अर्धा चमचा, एक मिनिट, आणि गॅस बंद करून झाकून ठेवा. आपल्याकडे चहा लाल होईपर्यंत उकळत ठेवतात, दूध घालून पुन्हा उकळतात. जितका उकळाल तितकं कॅफिन आणि तुरटपणा जास्त उतरतो. दूध टोन्ड किंवा साय काढलेलं, दोन-तीन चमचे. बायपासनंतर काहींना दूध पचत नाही, पोट फुगतं, जुलाब होतात. तसं झालं तर कोरा घ्या. साखर नाही.

त्यातला पाव पेला, म्हणजे 40-50 मिली, कोमट झाल्यावर घोट घोट, दहा मिनिटं पुरवून. उपाशीपोटी नाही. बशीत ओतून फुर्र करून नाही, कारण बशीने घोट मोठा जातो. नंतर दोन दिवस काही घेऊ नका, फक्त लक्ष ठेवा : छातीत जळजळ, आंबट पाणी, धडधड, झोप उडणं. काही नसेल तर तेवढाच एक दिवसाआड. पंधरा दिवसांनी रोज एक. पुष्कळ जणांना ऑपरेशननंतर त्याच चहाने जास्त धडधडतं, आणि ते खरं आहे : नव्या पोटातून पातळ पदार्थ लवकर खाली उतरतो, त्यातच वजन कमी झालेलं असतं. पूर्वी सहा कप पचायचे, हा हिशोब आता विसरा.

मी आज रोज एक छोटा चहा घेते, क्वचित दोन. याच्या वर जायची गरज मला पाच वर्षांत वाटली नाही, आणि विचारणाऱ्यालाही मी दोनच्या वर सांगत नाही. दुपारी चारनंतर नाही. कॅफिन निम्मं उतरायला पाच तासांच्या आसपास लागतात. संध्याकाळी सहाचा चहा रात्री अकरालाही अंगात असतो, आणि झोप बिघडली की दुसऱ्या दिवशी भूक सुटते.

घड्याळ : इथे सर्वात जास्त चुका होतात

दुसऱ्या वर्षी मला जिना चढताना धाप लागायला लागली. केस गळत होते, नखं मऊ झाली होती. मला वाटलं वजन उतरल्याचा थकवा. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 8.6. गोळ्या मी एकही दिवस चुकवल्या नव्हत्या. डायटिशियन मॅडमनी विचारलं, "लोहाची गोळी कशासोबत घेता?" मी म्हटलं, सकाळच्या चहासोबत, म्हणजे विसरत नाही. त्यांनी डोक्याला हात लावला.

चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं आणि शरीरात जाऊ देत नाही. कॉफीतही तेच, थोडं कमी. बायपासमध्ये तर आतड्याचा जो पहिला भाग लोह ओढतो तोच बाजूला काढलेला असतो. म्हणजे आधीच अर्ध्या वाटेवरची गोळी मी रोज चहात बुडवत होते. शेवटी शिरेतून लोह द्यावं लागलं. दोनदा तालुक्याला जाऊन सलाईन लावून बसले. तो खर्च, तो दिवसभराचा वेळ आणि त्या आधीचे सहा महिने घरात ओढत काढलेले, हे सगळं एका गोळीची वेळ बदलून वाचलं असतं.

राष्ट्रीय पोषण संस्था धडधाकट माणसालाही सांगते की जेवणाच्या एक तास आधी आणि एक तास नंतर चहा-कॉफी नको. आपण तर दोन तास धरावेत. माझा दिवस आता असा जातो :

सहाला उठल्यावर साधं पाणी, आणि ॲसिडिटीची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर तेव्हाच उपाशीपोटी. थायरॉइडची गोळी ज्यांना आहे त्यांनी ती आधी पाण्यासोबत घ्यायची, चहा तिच्यापासूनही किमान अर्धा-पाऊण तास लांब. साडेसातला प्रोटीनचं काहीतरी, अंडं किंवा मुगाचं धिरडं. साडेनऊ-दहाला चहा, मशीनवर बसायच्या आधी. साडेबाराला जेवण. कॅल्शियमची एक गोळी जेवणानंतर, एक रात्री. लोहाची गोळी दुपारी साडेचारला, लिंबाच्या पाण्यासोबत, कारण लिंबाने लोह चांगलं लागतं. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतलं तर लोह नीट लागत नाही, त्यांच्यात दोन तास हवेतच. मोबाइलवर साडेचारचा गजर लावून ठेवला आहे, घरातली लहान पोरं आता गजर वाजला की "लोखंडाची गोळी" म्हणून ओरडतात.

तुमच्या वेळा वेगळ्या असतील, पण हा सगळा कागद चहाला मध्ये ठेवून बनवा, नाहीतर चहा आपली जागा स्वतः करून घेतो. आणि लोह, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी-12, व्हिटॅमिन डी यांच्या तपासण्या डॉक्टर सांगतील तेव्हा करा, बरं वाटतंय म्हणून टाळू नका.

कॉफी घेणाऱ्यांसाठी

वरच्या चिखलदऱ्यात कॉफीची लागवड आहे, तरी आमच्या गावात कॉफी म्हणजे दोन रुपयांची पुडी आणि लग्नातली मशीन. पुडीवरची बारीक अक्षरं वाचा. कितीतरी पावडरींत चिकोरी मिसळलेली असते. चिकोरीत कॅफिन नसतं, म्हणून अशी मिश्र पावडर सुरुवातीला हलकी पडते. मात्र ज्या पुडीत दूध-साखर आधीच मिसळलेली असते ती घेऊ नका. लग्नातल्या मशीनच्या फेसाळ कॉफीतही साखर कमी करून मागता येत नाही. त्या कपाला हात लावू नका.

पुडीतली कॉफी पाव चमच्यापासून सुरू करा. कॅफिन काढलेली कॉफी शहरात मिळते, तिच्यात थोडं कॅफिन राहतंच आणि आम्लाचा त्रास होतो त्यांना तिनेही होतो.

एक चांगला उपयोग सांगते. प्रोटीन पावडरच्या वासाने ज्यांना मळमळतं, त्यांनी कॉफीची परवानगी मिळाल्यावर तीच चव वापरावी. पावडर आधी थंड दुधात गुठळ्या न राहता फेटून घ्यायची, मग त्यात चिमूटभर कॉफी विरघळवलेलं कोमट पाणी ओतायचं. उकळत्या पाण्यात पावडर टाकली की ती फाटल्यासारखी होऊन गोळे होतात. माझ्या एका मैत्रिणीचं प्रोटीन याच पेल्यामुळे सुरू राहिलं.

कोल्ड्रिंक आणि एनर्जी ड्रिंक यांच्याबद्दल जास्त लिहायचं नाही. गॅसने पोट फुगतं, साखर आहेच, आणि एनर्जी ड्रिंकच्या छोट्या बाटलीत कॉफीएवढं कॅफिन असतं. कायमचं बंद.

चहासोबत काय येतं

चहा एकटा येत नाही. टोस्ट, खारी, पारले बिस्किट, आणि पोरांना शाळेत धाडताना चहा-पोळी. चहात बुडवलेलं बिस्किट या पोटात थांबत नाही, घसरून जातं. म्हणूनच पोट भरल्याची जाणीव होत नाही आणि पुडा संपतो. दीड-दोन वर्षांनी वजन पुन्हा वाढलेली जी माणसं माझ्याकडे आली, त्यांना मी पहिलं हेच विचारते, आणि बहुतेकदा तिथेच सापडतं. चहा घ्यायचा तर नुसता घ्या.

भावांसाठी मुद्दाम लिहिते : कॅन्टीनचा चहा आणि पानठेल्याचा खर्रा ही जोडी तोडा. तंबाखूने, मग ती बिडीतली असो की खर्ऱ्यातली, रक्तपुरवठा कमी होतो आणि सांध्याची जखम भरत नाही. बायपासनंतरच्या अल्सरला चहापेक्षा तंबाखू आणि वेदनाशामक गोळ्या कितीतरी जास्त जबाबदार असतात. एका कपाचं पाप वहीत मांडायचं आणि खिशातली पन्नी विसरायची, असं करू नका. चहाला उठलं की खर्ऱ्याची आठवण येते म्हणून निदान पहिलं वर्ष कॅन्टीनचा बाक बदला, घरी प्या.

उन्हाळा

एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा 44-45 च्या वर जातो. वजनाच्या ऑपरेशननंतर परत दवाखान्यात भरती व्हावं लागतं त्याच्या मोठ्या कारणांपैकी एक म्हणजे अंगातलं पाणी कमी होणं, आणि आपल्या उन्हात हे दोन दिवसांत होतं. आधीसारखं घटाघट तांब्याभर पाणी पिऊन ते भरून काढता येत नाही, दिवसभर घोट घोट हाच एक मार्ग आहे.

लिटरच्या बाटलीवर मार्करने चार रेघा ओढा : सकाळी नऊ, बारा, तीन, सहा. तेवढी उतरलीच पाहिजे, मग दुसरी. जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही, म्हणून मधला प्रत्येक तास कामाचा आहे. चहा या बाटलीत धरू नका. वावरात जाताना चहाच्या थर्मासात मीठ घातलेला पातळ मठ्ठा न्या, माणसं चहा पितील तेव्हा तुमच्याही हातात पेला असेल. नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत मी तर चहा पूर्ण बंद ठेवते. लघवी गडद पिवळी झाली, तोंड चिकट झालं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्या दिवशी कॅफिनचा थेंबही नको.

कधी थांबायचं, कधी फोन करायचा

चहा सुरू केल्यावर जळजळ आली तर चहा बंद करा आणि डॉक्टरांना सांगा. वरून ॲसिडिटीची पुडी घेऊन चहा चालू ठेवू नका. बेंबीच्या वर कुरतडल्यासारखं दुखत असेल, खाल्ल्यावर वाढत असेल, तर त्याच आठवड्यात दाखवा. शौच डांबरासारखी काळी झाली (लोहाच्या गोळीने थोडी काळसर होते, पण चिकट आणि घाण वासाची नाही), उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं काही आलं, पाण्याचा घोटही टिकत नाही, ताप येऊन छाती सतत धडधडते, तर वाट पाहू नका. 108 ला फोन करा किंवा गाडी काढा.

गावातल्या डॉक्टरकडे गेलात तर सुई टोचायच्या आधी सांगा की वजनाचं ऑपरेशन झालंय, दुखण्याची सुई कोणती देता ते विचारा. आपल्याकडे अंग दुखलं की डायक्लोफेनॅकची सुई चटकन देतात, आणि ती सुईतून दिली तरी पोटाला लागते.

ऑपरेशन कोणतं, कधी, कुठली औषधं चालत नाहीत आणि दवाखान्याचा रात्रीचा नंबर, एवढं एका चिठ्ठीवर लिहून घरात सगळ्यांना माहीत असेल अशा जागी लावा. माझी चिठ्ठी चायपत्तीच्या डब्याच्या झाकणावर चिकटवलेली आहे. रात्री दोनला मुलीला उठवलं तरी तिला तो डबा अंधारात सापडतो.